जादूगार खोटारडा आणि बाबा खरा?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण पूर्ण वाचून द्या, एवढीच विनंती.

गेल्या महिन्यात आपल्या गावात एकाच रविवारी दोन कार्यक्रम झाले. एक मैदानावर, एक नाट्यगृहात. दोन्हीकडे मी बातमीसाठी गेलो होतो.

मैदानावर एका बाबांचा दरबार होता. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मंडप एवढा मोठा की स्टँडकडचा रस्ता बंद करावा लागला. बाबांनी गर्दीतून एका ताईंना नावानं हाक मारली. त्या स्टेजवर पोचेपर्यंत बाबांनी एका कागदावर काहीतरी लिहून ठेवलं. ताईंनी रडत रडत आपली अडचण सांगितली. कागद उघडला तर तीच अडचण त्यात लिहिलेली. हजारो हात जोडले गेले. स्टेजखाली दानपेटी होती, आणि तिच्या शेजारी क्यूआर कोडसुद्धा.

संध्याकाळी नाट्यगृहात जादूचा प्रयोग होता. तिकीट १०० रुपये. मी डोकी मोजली, ६२ भरली. त्यात निम्मी पोरं. जादूगार काकांनी तिसऱ्या रांगेतल्या एका कॉलेजच्या पोराला उभं केलं. म्हणाले, "पहिलीत तुला शिकवायला ज्या बाई होत्या, त्यांचं नाव मनात धर." स्वतः पाटीवर खडूनं काहीतरी लिहिलं आणि पाटी पालथी ठेवली. पोरानं नाव सांगितलं. पाटी फिरवली तर तेच नाव. टाळ्या पडल्या. आणि मग काका माईकवर जे बोलले ते मी वहीत लिहून घेतलं: "मला कुठलीही सिद्धी नाही. मी तुमच्या डोळ्यांदेखत तुम्हाला फसवलं. कसं फसवलं, ते घरी जाऊन शोधा."

मंडळी, खेळ एकच होता हो! सकाळचा आणि संध्याकाळचा. आधी लिहायचं, मग समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. फरक फक्त एका वाक्याचा. एकानं सांगितलं ही हातचलाखी आहे, दुसऱ्यानं सांगितलं ही कृपा आहे. आणि त्या एका वाक्यापायी एकाकडे ६२ माणसं, दुसऱ्याकडे अख्खा तालुका.

अजून ऐका. मैदानाचं भाडं माफ झालं होतं, "धार्मिक कार्यक्रम" म्हणून. नाट्यगृहाचं भाडं, डिपॉझिट, लाईटचं बिल, साउंडवाला, पोलिसांचं ना हरकत पत्र, सगळं काकांनी स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या चपला झिजवून केलं. प्रयोग संपल्यावर ते ट्रंका भरत होते, तेव्हा मी विचारलं, "काका, परत कधी येणार?" ते हसले. म्हणाले, "साहेब, गर्दी नसली की माणूस समजून घेतो. पण परवानगी काढताना तिथल्या बाबूनं विचारलं, तुमची कला नेमकी कोणती? नाटकात बसत नाही, तमाशात बसत नाही, ऑर्केस्ट्रात बसत नाही. तीस वर्षं हेच करतोय, आणि मी कोण हेच मला कागदावर लिहिता येईना."

ही पोस्ट त्या वाक्यासाठी आहे.

आता कुणी म्हणेल, जादूगार म्हणजे वाढदिवसाला टोपीतून ससा काढणारा माणूस, त्याचं एवढं काय! तर थोडा इतिहास बघू.

पी. सी. सरकार. जन्म २३ फेब्रुवारी १९१३, पूर्व बंगालातल्या टांगाईलचा. याच तारखेला देशभरातले जादूगार जादू दिवस साजरा करतात. ९ एप्रिल १९५६ ला लंडनमध्ये बीबीसीच्या पॅनोरमा या कार्यक्रमात सरकारांनी एका मुलीला करवतीनं मधोमध कापलं. कापून झालं, तिला हाका मारल्या, मुलगी उठेना. तेवढ्यात निवेदक मध्ये आला आणि वेळ संपली म्हणून कार्यक्रम गुंडाळला. बीबीसीचे फोन खणखणायला लागले, मुलगी मेली की काय म्हणून लोक घाबरले. मुलगी ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर सरकार. ज्या थिएटरात त्यांचे खेळ लागायचे होते तिथली तिकिटं धडाधड खपली.

विचार करा, त्या रात्री या माणसानं "मी मेलेल्याला उठवतो" असं म्हटलं असतं तर? जगभर आश्रम झाले असते. त्यानं काय केलं? तिकिटं विकली. १९६४ ला पद्मश्री मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत जपानमध्ये दौऱ्यावर असतानाच वारला. शेवटपर्यंत कलाकार म्हणूनच.

आपल्या पुण्याचे जादूगार रघुवीर घ्या. रघुवीर भोपळे. त्यांच्या मागे विजय, त्यांच्या मागे जितेंद्र, तीन पिढ्या एका घरात जादू. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला विचारा, रघुवीरांचा प्रयोग म्हटलं की डोळे चमकतात. गुजरातीत के. लाल, उत्तरेत गोगिया पाशा, केरळात गोपीनाथ मुतुकाड. ही सगळी माणसं "हा खेळ आहे" असं सांगून पोट भरणारी.

आणि आत्ताची ताजी बातमी. जुलै २०२५ मध्ये इटलीतल्या ट्युरिन शहरात जादूगारांची जागतिक स्पर्धा झाली. फिझम म्हणतात तिला, तीन वर्षांनी एकदा भरते. तिथे सुहानी शाह या आपल्या देशातल्या बाईला "बेस्ट मॅजिक क्रिएटर" हा पुरस्कार मिळाला. शंभर वर्षं जादूत बाईचं काम एकच होतं, पेटीत झोपायचं आणि कापून घ्यायचं. ती बाई आता करवत हातात घेऊन जगात पहिली आली. क्रिकेटमध्ये असं काही झालं असतं तर आपण उघड्या जीपमधून मिरवणूक काढली असती. आपल्या किती पेपरांत ही बातमी पहिल्या पानावर होती? माझ्यासकट सगळ्यांनी आत कुठेतरी टाकली.

हीच सुहानी शाह २०२३ च्या जानेवारीत टीव्हीवर होती. तेव्हा नागपुरात एका दरबाराला श्याम मानव यांनी ३० लाखांचं आव्हान दिलं होतं, आणि देशभर चॅनेलांवर "मनातलं ओळखणं हा चमत्कार की युक्ती" असा धुरळा उडाला होता. सुहानी शाह यांनी समोर बसलेल्या पत्रकारांच्या मनातलं ओळखून दाखवलं आणि स्पष्ट सांगितलं, ही कला आहे, चमत्कार नाही. दहा मिनिटांत विषय संपायला हवा होता. संपला का? दरबार वाढलेच.

का वाढले, याचं उत्तर मला एका दुःखद बातमीत सापडलं.

कोलकात्याचे चंचल लाहिरी. रंगमंचावर जादूगार मँड्रेक. १६ जून २०१९ ला हावडा पुलाजवळ त्यांना साखळ्या-दोरखंडांनी बांधून हुगळी नदीत सोडलं. सुटून वर यायचा खेळ होता. ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मृतदेह मिळाला. असा जिवावरचा खेळ करायला नको होता, सुरक्षेची व्यवस्था नव्हती, हे सगळं खरं. पण त्याआधीची एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. २०१३ मध्ये याच लाहिरींनी पिंजऱ्यातून सुटायचा असाच खेळ केला होता. तेव्हा ते पिंजऱ्याच्या एका दारातून बाहेर पडताना लोकांना दिसले. लोकांनी काय केलं? धक्काबुक्की. फसवलं म्हणून माणसाला मारलं!

जादूगाराचं चोरदार दिसलं तर आपण त्याला मारतो. बाबाचं चोरदार दिसलं तर आपण म्हणतो, माझीच श्रद्धा कमी पडली.

ज्यानं आधीच सांगितलंय की मी फसवणार आहे, त्याच्याकडून आपल्याला शंभर टक्के चोख काम पाहिजे. आणि जो म्हणतो मी फसवत नाही, त्याला सगळ्या चुका माफ. हा कुठला न्याय?

बरं, लोकांचं सोडा. लोक भोळे असतात, अडचणीत असतात. कायदा काय करतो बघा.

महाराष्ट्रात २०१३ चा एक कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे सरकार हललं, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यातून लोकांना फसवणं, दहशत बसवणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, ५ हजार ते ५० हजार दंड. कायदा चांगला आहे, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्याचं लोकांच्या तोंडी नाव काय? जादूटोणा विरोधी कायदा. झालं! काका मला सांगत होते की एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांचा प्रयोग नाकारला. कारण काय, तर "जादूला आता बंदी आहे ना, उगाच लफडं नको." म्हणजे ज्याच्यासाठी कायदा आला तो मैदानावर, आणि ज्याचा कायद्याशी काडीचा संबंध नाही तो शाळेच्या गेटबाहेर.

दुसरा कायदा याहून भारी. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. त्यात भीक मागणं म्हणजे काय, याची व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणं, मग ते गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून का असेना. खेळ करून! म्हणजे बाजारात चादर अंथरून, डमरू वाजवून, वाट्यांखालचे चेंडू गायब करणारा गारुडी या कायद्याच्या लेखी भिकारी. पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. मुंबईचं नाव असलेला कायदा दिल्लीत मोडला, आणि महाराष्ट्रात तो तसाच उभा आहे.

दिल्लीतही त्यानं फार काही साधलं असं नाही. तिथे शादीपूरजवळ कठपुतळी कॉलनी होती. बाहुलीवाले, डोंबारी, जादूगार यांची वस्ती. भारतीय दोराची जादू म्हणून जगभर जिची चर्चा झाली, ती नव्वदच्या दशकात कुतुबमिनारजवळ उघड्यावर करून दाखवणारे इशामुद्दीन खान याच वस्तीतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे बुलडोझर फिरला. परदेशातल्या भारत महोत्सवांत देश याच लोकांना पुढे करतो, "आमची परंपरा" म्हणून. आणि घरी आले की अतिक्रमण.

आपल्याकडचे गारुडी आता कुठे गेले, कधी विचार केलाय? साप-अस्वल-माकडांवर कायद्यानं बंदी आली. ती बरोबरच आहे, त्या मुक्या जिवांचे हाल मी लहानपणी पाहिलेत. पण त्या माणसाच्या हातात साप सोडून जी कला होती, वाटी-चेंडूची, टोपलीची, आंब्याच्या झाडाची, तिचं काय? जनावर घेतलं, पर्याय दिला नाही. त्यांची पोरं आज सिग्नलला पेनं विकतायत.

आता काही नेहमीचे प्रश्न. इनबॉक्समध्ये येणारच आहेत, म्हणून इथेच उत्तर देतो.

"आमच्या श्रद्धेवर का घसरता?" नाही घसरत. माझ्या घरी देव्हारा आहे, आषाढीला आई उपास करते, मीही करतो. वारीला कुणी दरबार म्हणत नाही. वारीत कुणी कुणाच्या मनातलं ओळखून दाखवत नाही आणि क्यूआर कोड पुढे करत नाही. मी श्रद्धेबद्दल बोलत नाहीये, धंद्याबद्दल बोलतोय. जादूगाराची युक्ती चोरून देवाच्या नावावर खपवणं हा देवाचाही अपमान आहे आणि जादूगाराचाही.

"जादूगारही फसवतोच की." फसवतो. पण प्रयोग संपला की फसवणूकही संपते. तुम्ही हसत घरी जाता, औषधं बंद करत नाही, शेत विकत नाही, पोरीचं शिक्षण थांबवत नाही. दरबारातली फसवणूक मंडपाबाहेर पडल्यावर सुरू होते. गेल्या वर्षी आपल्याच तालुक्यातल्या एका घरात शुगरची गोळी बंद करून अंगारा सुरू झाला होता. ते घर सावरलं, पण कसं सावरलं ते मी पाहिलंय.

"लोकच जात नाहीत तर सरकारनं काय करायचं?" अहो, लोक जात नाहीत म्हणून तर नाटकाला अनुदान देता, तमाशाला पॅकेज देता. दिलंच पाहिजे. मग जादूनं काय घोडं मारलंय?

आता थोडं जादूगारांनाही सुनावतो. रागावू नका.

तुमच्यातलेच काही जण फ्लेक्सवर "तंत्रसम्राट", "महासिद्ध" असलं काय काय छापतात. तिकिटं खपतात म्हणून कवट्या लावतात. प्रयोगात एखादा आयटम "हा मात्र खराखुरा बरं का" म्हणून करतात. तुम्ही हे करता तेव्हा बाबाचं दुकान तुम्हीच टाकून देता. दुसरं, यूट्यूबवर एकमेकांचे खेळ फोडायची स्पर्धा लागलीय. कुणाच्या उभ्या आयुष्याची कमाई असलेला खेळ व्ह्यूजसाठी दोन मिनिटांत फोडायचा, याला प्रबोधन म्हणत नाहीत. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव लिंबातून रक्त काढून दाखवतात आणि सांगतात की सुरीला मिथिल ऑरेंज लावलंय, आंबट लागलं की लाल होतं. मंत्रानं पेटणारा यज्ञ म्हणजे पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन, हेही सांगतात. ते प्रबोधन. कारण त्या युक्तीवर कुणाचा तरी गळा कापला जातो. रंगमंचावरच्या खेळानं कुणाचं काय बिघडतं? चमत्कार फोडा, जादू जपा. एवढा फरक तुमच्या संघटनांनी ठरवला पाहिजे.

आणि आता आमची, म्हणजे पत्रकारांची पाळी. त्या रविवारच्या दोन्ही बातम्या मीच दिल्या. दरबाराची बातमी चार कॉलम, फोटोसकट, "भाविकांचा जनसागर". त्या दिवशी पुरवणीत दरबाराची पानभर जाहिरात होती. जादूच्या प्रयोगाची बातमी संपादकांनी सहा ओळींत बसवली, काकांचं नावही चुकलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "साहेब, बातमी आली, आभारी आहे." नाव चुकल्याचं बोललेच नाहीत. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. वीस वर्षं या धंद्यात आहे, आणि जो माणूस खरं बोलून खेळ करतो त्याचं नाव आम्हाला धड छापता येत नाही. म्हणून हे सगळं इथे लिहितोय, इथे जाहिरात नाही.

संविधानाच्या ५१ अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. शाळेत त्यावर निबंध लिहून घेतात. निबंधानं काही होत नाही हो. एका पोराच्या कानामागून नाणं काढा आणि मग त्याला विचारा, कुठून आलं? ते पोर आठवडाभर विचार करेल. "डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं असतंच असं नाही," हा धडा जादूगारापेक्षा चांगला कुणी शिकवत असेल तर मला सांगा. पुढे त्याच पोराला कुणी मोबाईलवर खोटा व्हिडिओ पाठवला, बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागितला, तरी तो आधी विचारेल, कुठून आलं?

म्हणून मागण्या. मोठ्या नाहीत.

१. राज्यातल्या ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेत आणि कलाकारांच्या नोंदणीत "जादूगार" हा शब्द स्पष्ट लिहा. कुठल्याही बाबूनं "तुमची कला कोणती" असं विचारता कामा नये.

२. १९५९ च्या कायद्यातून "खेळ करून" हे शब्द काढा. कला दाखवून पैसे घेणं म्हणजे भीक नव्हे.

३. प्रत्येक शाळेत वर्षातून एक जादूचा प्रयोग, जादूगाराला ठरलेलं मानधन देऊन. शेवटची दहा मिनिटं "चमत्कार म्हणजे काय" यावर. शिक्षण विभागानं एक पत्रक काढून सांगावं की जादूच्या प्रयोगाला कायद्यानं बंदी नाही.

४. आपल्या नगरपरिषदेनं मैदानाला जी माफी दिली, ती नाट्यगृहालाही द्यावी. जमत नसेल तर दोघांनाही देऊ नये. नगरसेवक मंडळी ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे.

५. चौथ्या मागणीचं उत्तर लेखी द्यावं. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोच आहे, आलेलं उत्तर इथे जसंच्या तसं लावीन.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. काकांना मी पुन्हा फोन केला होता. दिवाळीच्या सुट्टीत या म्हटलं. ते म्हणाले, भाडं निघेल एवढी तिकिटं आधी गेली तर येतो. हिशोब केला, २०० तिकिटं लागतात. माझ्या घरची पाच धरा. १९५ राहिली. कोण कोण घेतंय ते खाली लिहा, नुसता अंगठा दाखवून पळू नका.

या वेळी बातमी सुद्धा मीच देणार आहे. आणि नाव बरोबर छापून आणीन.